दक्षिण कोरियाचा बेसबॉल संघ पहिल्याच फेरीत का गारद झाला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकलेला दक्षिण कोरियाचा संघ २०१३, २०१७ आणि २०२३ अशा सलग तीन वर्ल्ड बेसबॉल क्लासिक स्पर्धांमध्ये गटसाखळीतच बाहेर पडला. त्याविषयी वाचकांकडून सातत्याने येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. विचारणारे बहुतेक वाचक क्रिकेटवर वाढलेले असल्यामुळे बेसबॉलचे नियम गरजेपुरते समजावून सांगितले आहेत. एका उत्तरातील मुद्दा दुसरीकडे लागतो तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. वर्ल्ड बेसबॉल क्लासिक ही नेमकी कोणती स्पर्धा आहे?

राष्ट्रीय संघांची ही सर्वांत मोठी बेसबॉल स्पर्धा २००६ साली सुरू झाली. अमेरिकेच्या मेजर लीगमधील खेळाडू आपापल्या देशाकडून खेळू शकतात, हे तिचे वैशिष्ट्य आहे. ऑलिंपिकच्या काळात मेजर लीगचा हंगाम चालू असल्याने ते तेथे उतरत नाहीत. ही स्पर्धा मात्र हंगामापूर्वी, मार्च महिन्यात होते. २०१३ आणि २०१७ मध्ये १६ संघ होते आणि चार-चार संघांच्या प्रत्येक गटातून दोन संघ पुढे जात असत. २०२३ मध्ये संघ २० झाले, प्रत्येक गटात पाच संघ आले, परंतु पुढे जाणारे दोनच राहिले.

२. कोरियाचा संघ खरोखरच इतका मोठा होता का, की त्याच्या पराभवाची एवढी चर्चा व्हावी?

होय. २००६ च्या पहिल्या स्पर्धेत कोरियाने पहिल्या दोन फेऱ्यांतील सर्व सहा सामने जिंकले होते. त्यांत जपानवरील दोन विजय होते आणि उपांत्य फेरीत मात्र त्याच जपानने त्यांना ६-० असे हरवले. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये कोरियाने नऊपैकी नऊ सामने जिंकले आणि अंतिम सामन्यात क्यूबाला ३-२ असे नमवून सुवर्णपदक मिळवले. तो दिवस, २३ ऑगस्ट, कोरियात आजही ‘बेसबॉल दिन’ म्हणून पाळला जातो. २००९ च्या क्लासिकमध्ये कोरिया आणि जपान एकाच स्पर्धेत पाच वेळा भिडले. पाचवी भेट अंतिम सामन्यात झाली आणि तो सामना दहाव्या इनिंगमध्ये जपानने ५-३ असा जिंकला (सामना एरवी नऊ इनिंगचा असतो; प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही संघ एकेकदा बॅटिंग करतात आणि तीन बाद झाले की पाळी संपते). अशा उंचीवरून पुढच्याच स्पर्धेत गटसाखळीत घसरण झाली, म्हणून हा विषय कोरियन प्रेक्षकांना आजही झोंबतो.

३. तीनही वेळा नेमके काय निकाल लागले?

२०१३ मध्ये तैवानमधील तायचुंग येथे कोरियाने पहिला सामना नेदरलँड्सविरुद्ध ०-५ असा गमावला. त्यानंतर ऑस्ट्रेलियाला ६-० आणि चायनीज तैपेईला (तैवानचा संघ या नावाने खेळतो) ३-२ असे हरवूनही संघ बाहेर पडला. हे कसे घडले, ते प्रश्न ८ मध्ये पाहावे.

२०१७ मध्ये गट सोलच्या गोचोक स्काय डोममध्ये, म्हणजे घरच्या प्रेक्षकांसमोर होता. इस्राएलने दहा इनिंगमध्ये २-१ असे हरवले आणि दुसऱ्याच दिवशी नेदरलँड्सने पुन्हा ५-० असा विजय मिळवला. शेवटी चायनीज तैपेईवर मिळवलेला ११-८ हा विजय आव्हान संपुष्टात आल्यानंतरचा होता.

२०२३ मध्ये टोकियो डोममध्ये ऑस्ट्रेलियाकडून ७-८ आणि जपानकडून ४-१३ असे दोन पराभव झाले. पुढे चेक प्रजासत्ताकावर ७-३ आणि चीनवर २२-२ असे विजय मिळाले. दोन विजय आणि दोन पराभवांसह कोरिया तिसरा आला. जपान आणि ऑस्ट्रेलिया पुढे गेले.

या तीन ओळींत एक गोष्ट ठळकपणे दिसते. प्रत्येक वेळी पहिला सामना हरलेला आहे, आणि तोही ज्याला कोरियात कोणी फारसे मोजत नव्हते अशा संघाविरुद्ध. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणाचे मर्म येथेच आहे. चार-पाच संघांच्या गटात पहिला सामना हातचा गेला की उरलेले सगळे गणित दुसऱ्यांच्या निकालांवर जाते, आणि कोरियाने तिन्ही वेळा आपले नशीब असे दुसऱ्यांच्या हाती सोपवले.

४. ऑस्ट्रेलियाविरुद्धचा २०२३ चा सामना कसा निसटला?

९ मार्च २०२३ रोजी दुपारी बारा वाजता, म्हणजे भारतीय वेळेनुसार सकाळी साडेआठला हा सामना सुरू झाला. ऑस्ट्रेलियाने २-० अशी आघाडी घेतली आणि कोरियाच्या बॅटरना सुरुवातीला एकही हिट (किमान पहिल्या बेसपर्यंत पोहोचवणारा फटका; चारही बेस पूर्ण केले की एक धाव होते) मिळेना. पाचव्या इनिंगमध्ये कॅचर (यष्टिरक्षकासारखा खेळाडू) यांग उई-जी याने तीन धावांचा होमरन मारला, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर पाठवला व बेसवरील धावकांसह स्वतःही धाव पूर्ण केली, आणि पुढच्या इनिंगमध्ये आघाडी ४-२ झाली. येथपर्यंत सर्व अपेक्षेप्रमाणे चालले होते.

सातव्या इनिंगमध्ये रॉबी ग्लेंडिनिंग याने तीन धावांचा होमरन मारून ऑस्ट्रेलियाला ५-४ असे पुढे नेले. आठव्या इनिंगमध्ये कॅचर रॉबी पर्किन्स याने आणखी तीन धावांचा होमरन मारला आणि फरक ८-४ झाला. कोरियाने त्याच इनिंगमध्ये तीन धावा परत मिळवल्या खऱ्या, परंतु बरोबरी साधता आली नाही. नवव्या इनिंगमध्ये टॉमी एडमन दुसरा बेस चोरण्याच्या, म्हणजे फटका बसण्याची वाट न पाहता धावत तो गाठण्याच्या, प्रयत्नात बाद झाला आणि सामना संपला.

कोरियाने दिलेल्या आठ धावांपैकी सहा धावा दोन फटक्यांत गेल्या. दोन्ही वेळा बेसवर आधीच दोन-दोन धावक उभे होते. सामना हरण्याचे मुख्य कारण हे आहे. लोकांच्या लक्षात मात्र वेगळाच प्रसंग राहिला, त्याविषयी पुढच्या प्रश्नात लिहिले आहे.

५. दुसऱ्या बेसवर आनंद साजरा करताना बाद झालेल्या खेळाडूमुळेच संघ बाहेर पडला, हे खरे आहे का?

नाही, आणि हा आरोप अन्यायकारक आहे असे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

प्रसंग असा होता. सातव्या इनिंगमध्ये कोरिया ४-५ असा मागे असताना एक बॅटर बाद झाला होता आणि बदली बॅटर म्हणून कांग बेक-हो मैदानात उतरला. त्याने जोरदार डबल (दुसऱ्या बेसपर्यंत पोहोचवणारा फटका) मारला, दुसऱ्या बेसवर पोहोचला आणि आपल्या डगआउटकडे पाहून हात उंचावून जल्लोष केला. त्या क्षणी त्याचा पाय बेसवरून सुटला. ऑस्ट्रेलियाचा दुसऱ्या बेसवरील खेळाडू रॉबी ग्लेंडिनिंग चेंडू ग्लोव्हमध्ये घेऊन शेजारीच उभा होता आणि त्याने लगेच टॅग केला, म्हणजे चेंडू त्याच्या अंगाला टेकवला. पंचांनी आधी नाबाद ठरवले होते, परंतु ऑस्ट्रेलियाने व्हिडिओ पाहण्याची मागणी केली आणि निर्णय बदलला. बेसवर पोहोचल्यानंतरही खेळ चालूच असतो आणि धावकाचा बेसशी स्पर्श तुटला तर चेंडू हाती असलेला खेळाडू त्याला बाद करू शकतो, हा नियम शाळकरी खेळाडूलाही ठाऊक असतो. त्यामुळे चूक मोठी होती, यात शंका नाही. लगेच पुढच्या बॅटरने एकेरी हिट मारल्यामुळे ती अधिकच बोचली.

तरीही जो संघ त्यानंतरच्या इनिंगमध्ये आणखी तीन धावा देतो आणि दुसऱ्या दिवशी तेरा धावा देतो, त्याचे अपयश एका खेळाडूच्या पायावर ढकलणे योग्य नाही. त्याच कांग बेक-होने पुढे त्याच वर्षी हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघात स्थान मिळवले, हेही येथे नोंदवायला हवे.

६. जपानविरुद्ध ३-० अशी आघाडी असताना १३ धावा कशा दिल्या गेल्या?

१० मार्चच्या त्या सामन्यात यांग उई-जीने जपानचा पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) यू दारविश याला होमरन मारला आणि तिसऱ्या इनिंगमध्ये कोरिया ३-० असा पुढे गेला. त्याच इनिंगमध्ये जपानने चार धावा केल्या. त्यानंतर कोरियाने एकामागून एक पिचर आणले, परंतु अनेकांना चेंडू स्ट्राइक झोनमध्ये (बॅटरसमोरचा वैध पट्टा; त्याबाहेर चार चेंडू गेले की बॅटरला पहिला बेस फुकट मिळतो) टाकणेच जमेना, आणि फुकट बेसवर पोहोचलेल्या धावकांना जपानी बॅटरनी घरी आणले. आदल्या दिवशी दोन होमरनमुळे जे दिसले होते, तेच येथे अधिक मोठ्या प्रमाणावर दिसले. यामागील कारणे प्रश्न १० मध्ये सविस्तर दिली आहेत.

७. समान गुण झाले तर पुढे कोण जाते? येथेही नेट रन रेट असतो का?

क्रिकेटमधील नेट रन रेटशी तुलना करता येते, पण २०२३ चा नियम एका महत्त्वाच्या बाबतीत वेगळा होता. बरोबरीत असलेल्या संघांपैकी आधी त्यांच्या आपापसातील सामन्यांचा निकाल पाहिला जात असे. त्यानेही निवाडा झाला नाही, तर त्या आपापसातील सामन्यांत दिलेल्या धावांना क्षेत्ररक्षण करताना मिळवलेल्या आउटच्या संख्येने भागले जाई आणि ज्याचा भागाकार कमी तो संघ वर जाई. केलेल्या धावा त्यात धरल्याच जात नव्हत्या. त्यानंतरही बरोबरी राहिली तर पिचरच्या दोषाने गेलेल्या धावा, मग फलंदाजीची सरासरी आणि अखेरीस चिठ्ठी, असा क्रम होता.

८. २०१३ मध्ये तीनपैकी दोन सामने जिंकूनही कोरिया बाहेर कसा?

त्या वर्षी चायनीज तैपेई, नेदरलँड्स आणि कोरिया या तिघांचेही दोन विजय आणि एक पराभव झाले. तैपेईने नेदरलँड्सला ८-३ असे हरवले होते, नेदरलँड्सने कोरियाला ५-० असे आणि कोरियाने तैपेईला ३-२ असे. आपापसातील निकाल असे वर्तुळात फिरल्यामुळे त्यांवरून निवाडा होणे शक्य नव्हते.

तेव्हाचा नियम २०२३ पेक्षा वेगळा होता. प्रत्येक इनिंगमागे केलेल्या धावांतून प्रत्येक इनिंगमागे दिलेल्या धावा वजा केल्या जात. तैपेईने आपापसातील दोन सामन्यांत १० धावा केल्या आणि ६ दिल्या. नेदरलँड्सने ८ केल्या आणि ८ दिल्या. कोरियाने ३ केल्या आणि ७ दिल्या. म्हणून कोरिया तिसरा. ऑस्ट्रेलियावरील ६-० हा विजय या हिशेबात आलाच नाही, कारण ऑस्ट्रेलिया बरोबरीत नव्हता.

तैपेईविरुद्धच्या शेवटच्या सामन्यात कोरियाला मोठ्या फरकाने जिंकणे भाग होते. प्रत्यक्षात संघ ०-२ असा मागे होता आणि आठव्या इनिंगमध्ये कांग जुंग-होच्या होमरनमुळे ३-२ अशी आघाडी मिळाली. म्हणजे सामना जिंकून देणारा फटका बसला, त्या वेळी स्पर्धा जवळजवळ हातातून गेलेली होती. जिंकून मान खाली घालून मैदानाबाहेर जाण्याची वेळ फार थोड्या संघांवर येते.

९. २०२३ मध्ये चीनविरुद्ध २२ धावा केल्या, त्यांचा उपयोग का झाला नाही?

दोन कारणे आहेत आणि त्यांपैकी कोणतेही एक पुरेसे होते. पहिले म्हणजे केलेल्या धावा हिशेबातच नव्हत्या (प्रश्न ७). दुसरे म्हणजे १३ मार्चच्या त्या सायंकाळी सामना सुरू होण्यापूर्वीच सर्व संपले होते. दुपारी ऑस्ट्रेलियाने चेक प्रजासत्ताकाला ८-३ असे हरवून दुसरे स्थान निश्चित केले होते. पंधरा धावांच्या फरकाच्या नियमामुळे चीनविरुद्धचा सामना पाचव्या इनिंगनंतर थांबवण्यात आला.

त्या दुपारी कोरियन चाहते जे गणित मांडत होते, ते समजून घेण्यासारखे आहे. चेक संघ जिंकला असता, तर ऑस्ट्रेलिया, चेक आणि कोरिया हे तिघे दोन-दोन विजयांवर बरोबरीत आले असते. आपापसातील सामन्यांत कोरियाने ऑस्ट्रेलियाला ८ आणि चेक संघाला ३ अशा ११ धावा दिल्या होत्या. चेक संघाने कोरियाला ७ दिल्या होत्या. म्हणून चेक संघाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध जिंकावे, पण जिंकताना किमान ४ धावा द्याव्यात, अशी कोरियाची गरज होती. ४ धावा दिल्या तर दोघांच्याही ११ होत असल्या, तरी कोरियाने अधिक आउट मिळवलेले असल्यामुळे त्याचा भागाकार कमी आला असता. ज्या देशात व्यावसायिक लीग चाळीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे, त्या देशाला नोकरी सांभाळून बेसबॉल खेळणाऱ्या चेक खेळाडूंच्या कामगिरीकडे डोळे लावून बसावे लागले.

१०. मग खरे कारण काय? लीग एवढी लोकप्रिय असताना राष्ट्रीय संघ का हरतो?

सर्वांत मोठे कारण पिचिंगचे आहे. कोरियन लीगमधील प्रत्येक संघाला तीन परदेशी खेळाडू घेण्याची मुभा असे आणि बहुतेक संघ त्यांपैकी दोन जागा सुरुवातीच्या पिचरसाठी वापरत आले. त्यामुळे हंगामभर सर्वांत कठीण सामन्यांचा भार अनेक संघांत परदेशी पिचर उचलतात. मार्च महिन्यात राष्ट्रीय संघ निवडायची वेळ येते, तेव्हा हे पिचर उपलब्ध नसतात आणि त्यांच्या मागे उभे राहिलेले देशी पिचर तेवढ्या अनुभवाचे नसतात. २०२३ मध्ये जपानविरुद्ध सुरुवातीचा पिचर म्हणून किम क्वांग-ह्यून याला पाठवावे लागले, जो २००८ च्या सुवर्णविजेत्या संघातही होता. त्याच्यानंतरच्या पिढीतून त्याची जागा घेणारा पिचर पंधरा वर्षांत तयार झाला नव्हता, हे त्या एका निवडीवरून कळते.

स्पर्धेचे नियम ही उणीव आणखी उघडी पाडतात. पहिल्या फेरीत एका पिचरला एका सामन्यात ६५ चेंडूंची मर्यादा असते आणि ५० किंवा अधिक चेंडू टाकले तर चार दिवस विश्रांती द्यावी लागते. त्यामुळे एकदोन उत्तम पिचरवर गट जिंकता येत नाही, विश्वासाचे सात-आठ लागतात. जपानकडे ते होते, कोरियाकडे नव्हते.

याच्याही मुळाशी शालेय बेसबॉल आहे. जपानमध्ये बेसबॉल खेळणाऱ्या माध्यमिक शाळा तीन हजारांहून अधिक आहेत, तर कोरियात शंभरच्या आसपास. एवढ्या लहान तळ्यातून दरवर्षी वेगवान पिचर निघणे अवघड आहे. पिचर सोडून इतर खेळाडू मात्र निघत आहेत. किम हा-संगला २०२३ मध्ये मेजर लीगचे गोल्ड ग्लोव्ह हे क्षेत्ररक्षणाचे पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ली जुंग-हूने सॅन फ्रान्सिस्को जायंट्सशी मोठा करार केला.

२०२३ पुरते आणखी एक कारण सांगितले जाते. फेब्रुवारीतील सराव शिबिर अमेरिकेतील टूसॉन येथे ठेवले होते आणि तेथे अनपेक्षित थंडी पडल्याने पिचरांची तयारी अपुरी राहिली. त्यात तथ्य आहे, परंतु त्यावरून २०१३ आणि २०१७ चा उलगडा होत नाही.

११. स्पर्धेदरम्यान खेळाडू मद्यपान करत होते, हे खरे का?

टोकियोतील वास्तव्यात बारमध्ये गेल्याबद्दल तीन पिचरांना कोरियन लीगने जून २०२३ मध्ये दंड ठोठावला, हे खरे आहे. ते पराभवाचे कारण मानण्यास आधार नाही. शिस्तीचा प्रश्न आणि पिचिंगचा प्रश्न वेगळे ठेवावेत.

१२. इस्राएल आणि नेदरलँड्ससारख्या देशांकडून हरणे ही नामुष्की नाही का?

देशाच्या नावावरून संघाची ताकद ठरवली तर तसे वाटेल. परंतु या स्पर्धेत पात्रतेचे नियम सैल असून आई-वडिलांच्या मूळ देशाकडूनही खेळता येते. इस्राएलच्या २०१७ च्या संघात अमेरिकेत वाढलेले ज्यू खेळाडू मोठ्या संख्येने होते आणि त्यांचा सुरुवातीचा पिचर जेसन मार्की मेजर लीगमध्ये दीर्घकाळ खेळलेला होता. नेदरलँड्सच्या संघाचा कणा कॅरिबियन समुद्रातील कुरासाओ आणि अरुबा या बेटांवरचा आहे. झांडर बोगार्ट्स आणि अँड्रेल्टन सिमन्स यांसारखे मेजर लीगचे खेळाडू त्यात होते. कोरियानेही २०२३ मध्ये याच नियमाचा उपयोग केला. टॉमी एडमनची आई कोरियन आहे, म्हणून तो संघात येऊ शकला.

१३. जिंकले असते तर खेळाडूंची सक्तीची लष्करी सेवा माफ झाली असती का?

नाही. हा गैरसमज २००६ मुळे पसरला. त्या वर्षी उपांत्य फेरी गाठल्याबद्दल खेळाडूंना विशेष सवलत देण्यात आली होती, परंतु पुढे ती तरतूद काढून टाकण्यात आली. आता सवलत मिळते ती ऑलिंपिकमधील कोणत्याही पदकासाठी किंवा आशियाई स्पर्धेतील सुवर्णपदकासाठी. म्हणूनच कोरियात आशियाई स्पर्धेला असाधारण महत्त्व आहे. खेळाडू सवलत नसलेल्या स्पर्धेत मन लावून खेळत नाहीत, असा टोमणा काही जण मारतात. २००९ मध्येही ती सवलत नव्हती आणि तरी संघ अंतिम सामन्यात दहाव्या इनिंगपर्यंत लढला.

१४. इतर स्पर्धांमध्येही हेच घडते का?

नेहमी नाही. प्रीमियर १२ ही आघाडीच्या बारा राष्ट्रीय संघांची स्पर्धा कोरियाने २०१५ मध्ये जिंकली आणि २०१९ मध्ये उपविजेतेपद मिळवले. टोकियो ऑलिंपिकमध्ये सहा संघांत चौथे स्थान मिळाले. कांस्यपदकाच्या सामन्यात डॉमिनिकन रिपब्लिकने १०-६ असे हरवले. नोव्हेंबर २०२४ च्या प्रीमियर १२ मध्ये मात्र जुनी गोष्ट नव्याने घडली. तैपेई येथील पहिल्या सामन्यात चायनीज तैपेईने दुसऱ्याच इनिंगमध्ये सहा धावा केल्या आणि ६-३ असा विजय मिळवला. पुढे कोरियाने क्यूबा, डॉमिनिकन रिपब्लिक आणि ऑस्ट्रेलिया यांना हरवले, पण जपानकडून हरल्यामुळे तीन विजय मिळवूनही गटात तिसरा राहिला. प्रश्न ३ मधील पहिल्या सामन्याचा मुद्दा येथेही तंतोतंत लागू पडतो.

१५. एवढ्या पराभवांनंतर कोरियात लोकांनी बेसबॉल पाहणे सोडले का?

उलट झाले. २०२४ च्या हंगामात लीगच्या प्रेक्षकसंख्येने प्रथमच एक कोटीचा टप्पा ओलांडला. तरुण मुली आणि स्त्रिया मोठ्या संख्येने मैदानात येऊ लागल्या. लीगचे यश आणि राष्ट्रीय संघाचे यश एकमेकांवर अवलंबून नसते, हे त्यावरून दिसते. राष्ट्रीय संघाच्या अपयशाची झळ लीगला आर्थिकदृष्ट्या बसत नसल्यामुळे सुधारणेची निकडही कमी भासते, ही माझी खरी काळजी आहे.

१६. पहिल्या फेरीत बाहेर पडल्यावर पुढच्या वेळी पात्रता फेरी खेळावी लागते का?

२०२३ नंतर ते केवळ गटात शेवटच्या आलेल्या संघाला लागू होते. प्रत्येक गटातील पहिल्या चार संघांना २०२६ साठी थेट प्रवेश मिळाला. त्यामुळे तिसऱ्या आलेल्या कोरियाला अडचण आली नाही, पाचव्या आलेल्या चीनला मात्र पात्रता फेरीत उतरावे लागले. २०१७ मध्ये हीच भीती कोरियाला होती. चायनीज तैपेईविरुद्धचा तो शेवटचा सामना वरवर निरर्थक वाटला, तरी हरणारा संघ गटात तळाला जाऊन त्याच्यावर पात्रता फेरीची वेळ येणार होती. कोरियाने दहाव्या इनिंगमध्ये तो जिंकला. पुढे स्पर्धा २० संघांची झाली आणि २०१७ च्या सर्व १६ संघांना प्रवेश देण्यात आला, त्यामुळे त्या सामन्यात हरलेल्या तैपेईलाही २०२३ मध्ये पात्रता फेरीशिवाय खेळता आले.